जेकब यांना हसण्याआधी

या आठवड्यात चेन्नईतल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी कॅप्टन जेकब यांना एका वाक्यात उडवून लावलं. नसलेला ग्रह शोधणारा माणूस, एवढीच ओळख. सभागृह हसलं आणि विषय 'आरसा ग्रहा'वर गेला. मला ते लागलं.

मद्रासच्या (आजच्या चेन्नईच्या) नुंगमबाक्कम वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख विल्यम जेकब यांनी 1855 मध्ये भुजंगधारीतल्या 70 ऑफियुची या जोडताऱ्याचे वेध तपासले. ताऱ्यांचं फिरणं गणिताशी जुळेना. तिथे न दिसणारा ग्रह असण्याचा दाट संभव त्यांनी मांडला. 1896 मध्ये सी या खगोलशास्त्रज्ञांनी तसाच दावा केला. 1899 मध्ये मोल्टन या खगोलशास्त्रज्ञांनी अशा ग्रहाची कक्षा टिकूच शकत नाही, हे दाखवून दिलं. ग्रह नव्हता. पण जेकब यांनी संभवाला संभवच म्हटलं होतं.

आता व्याख्यानातला तो 'आरसा ग्रह' पाहा. एलटीटी 9779 बी हा ग्रह ताऱ्याभोवती 19 तासांत फेरी मारतो आणि भट्टीसारखा तापतो. तो ताऱ्याआड गेला की एकूण उजेड दहा लाखांत 115 भागांनी घटतो. केऑप्स दुर्बिणीने एवढीच घट मोजली. तापलेला ग्रह स्वतःही थोडा उजळतो. ते वजा करून 2023 मध्ये निष्कर्ष निघाला की तो 80 टक्के प्रकाश परतवतो, बहुधा सिलिकेट आणि टायटॅनियमयुक्त ढगांमुळे. मूळ निबंधात त्या 80 च्या शेजारी अधिक 10, उणे 17 छापलं आहे. बातम्यांत ते गळलं.

2025 मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून निघालं, की दिवसाच्या बाजूचा पश्चिम भाग सुमारे 79 टक्के परतवतो, पूर्व भाग 41 टक्केच. रात्रीच्या गारव्यात बनलेले ढग वाऱ्याबरोबर पश्चिम कडेला येतात आणि पूर्वेकडे जाताना उष्णतेने विरतात. म्हणजे आरसा अर्धाच! ट्रेस-2 बी हा दुसरा ग्रह तर एक टक्काही परतवत नाही, तोही तापलेलाच. एका आकड्यावरून वातावरण ओळखणं किती अवघड, ते यातून दिसतं. न दिसणाऱ्या ग्रहाबद्दल बारीक फरकावरून बोलणं हेच जेकब यांनीही केलं. त्यांना हसायचं आणि आजच्या आकड्याला मात्र टाळ्या, हा कुठला न्याय?

जेकब आपल्या पुण्याचेही. मद्रासला येण्यापूर्वी त्यांनी पुण्यात खासगी वेधशाळा उभारून जोडतारेच मोजले. 1862 मध्ये पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा काढायची म्हणून स्वतःच्या पैशाने नऊ इंची दुर्बीण घेऊन ते 8 ऑगस्टला मुंबईत उतरले आणि 16 ऑगस्टला पुण्यात वारले.

व्याख्यात्यांना विनंती आहे: पुढच्या वेळी पडद्यावर 80 लिहाल, तेव्हा शेजारी ते 10 आणि 17 जरूर लिहा.