तुला काय होतंय!

वर्षभर एकच वाक्य या दिवाळी अंकाच्या संपादक मंडळाच्या कानाशी गुणगुणत राहिलं. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसातल्या वाढदिवसाला, कुठंही जिलबीचं ताट फिरलं की सडपातळ बाईला हमखास आग्रह होतो : ‘घे गं, तू कुठे जाड आहेस? तुला काय होतंय!’ आता फराळाच्या वेळीही तेच होणार. आग्रहाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती रोग जाड माणसालाच होतो आणि बारीक माणसाला सगळं माफ असतं, या समजुतीबद्दल.

ही समजूत पुण्यातच खोटी ठरली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडपातळ डॉक्टर, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2!

जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायूच कमी आणि पोटात, यकृतात चरबी जास्त असली की इन्शुलिनला शरीर दाद देत नाही. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडत राहतं आणि ते दमलं की मधुमेह होतो. वजनकाट्याला यातलं काहीच कळत नाही.

त्यात ताटात भात, पोळी आणि साखरेचीच गर्दी. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, प्रथिनांतून जेमतेम 12. देशात मधुमेही 10 कोटींहून जास्त आहेत आणि उंबरठ्यावर उभे असलेले त्याहूनही अधिक.

पण गोष्ट जन्माआधीच सुरू होते. याज्ञिक यांच्या गटानं 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे 42 किलो. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याची बाळं हाडा-स्नायूंत कमी भरली, चरबीत मात्र फारशी मागे नव्हती. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली. गरोदरपणी बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली.

आणि 2025 हे वर्ष कशात गेलं? मार्चमध्ये वजन उतरवणारं नवं इंजेक्शन बाजारात आलं. मेमध्ये सीबीएसईनं शाळांना साखरेच्या धोक्याचे फलक लावायला सांगितलं. जुलैमध्ये समोसा-जिलबीवर इशाऱ्याची पाटी लागणार, अशी आवई उठली आणि सरकारला खुलासा करावा लागला. सप्टेंबरच्या पावसात मराठवाड्यातली उभी पिकं गेली. त्या घरांतल्या बायकांच्या ताटात पुढं काय पडणार, यावर समोशाइतकी चर्चा कुणी केली नाही.

खरी चीड आणणारी बातमी जानेवारीतच आली होती. शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी राज्य सरकारनं बंद केला. द्यायचीच तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं. बी-12 मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच. भाजी-भाकरीत ते नसतं. गर्भ राहिल्यावर गोळ्या देण्यात उशीर होतो, म्हणून याज्ञिक यांच्या गटानं किशोरवयीन मुलामुलींनाच बी-12 देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. पुण्यातलं संशोधन एकीकडे, मुंबईतला सरकारी निर्णय भलतीकडे. साखरेचे फलक लावायला खर्च नाही, अंड्याला आहे, एवढाच काय तो फरक.

यंदाच्या अंकाचा विषय ‘माप’. तो ठरला तेव्हा डोळ्यांसमोर शिंपी, सोनार आणि जमिनीचे मोजणीदार होते; बीएमआय त्यात मागाहून घुसला, हे वाचक ओळखतीलच. कथा, कविता, व्यंगचित्रं नेहमीसारखीच भरपूर आहेत. फराळही मनसोक्त व्हावा. फक्त बारीक भाचीला चौथी करंजी वाढताना तिच्या कमरेचा दाखला देऊ नये आणि शाळा उघडल्यावर पालकसभेत अंड्यांचा विषय कुणीतरी काढावा. शुभ दीपावली.