गावाचे नाव गावालाच विचारा

माणसाला त्याच्या नावाने हाक मारणे ही ओळखीची पहिली पायरी होय. एखाद्या परक्याने आपले नाव चुकीचे घेतले तर आपण हसून सोडून देतो. परंतु जो रोज आपल्या घरात बोलतो, 'आम्ही तुमचेच' असे रोज बजावतो, तोच जर आपले नाव रोज चुकीचे घेऊ लागला, तर त्याच्या आपुलकीवर विश्वास कसा ठेवावा? रेडिओच्या निवेदकांनी आपल्या खेड्यापाड्यांच्या नावांची जी परवड चालविली आहे, ती ऐकून हा प्रश्न विचारणे आता भाग आहे.

उदाहरणासाठी दूर जायला नको. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव घ्या. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे हे नाव दूरदूरच्या शेतकऱ्यांना पाठ आहे. 1878 साली पुऱ्या झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर या गावाचे स्थानक आहे. असे हे काष्टी एका खासगी वाहिनीवरून 'कश्ती' झालेले मी ऐकले आहे. गावाचे नाव घेता घेता निवेदकाने त्याची पाण्यातली नाव करून टाकली! त्याच ओघात श्रीगोंद्याचे 'श्रीगोंडा' होते, पाथर्डीचे 'पथर्दी', जामखेडचे 'जमखेद' आणि राळेगणचे 'रालेगन'.

हे कसे घडते, ते समजणे अवघड नाही. ही सारी रूपे रोमन लिपीतून वाचल्याची आहेत. त्या लिपीत 'द' आणि 'ड' यांना एकच अक्षर, 'त' आणि 'ट' यांना एकच, 'ल' आणि 'ळ' यांना एकच, 'न' आणि 'ण' यांनाही एकच. कोठला उच्चार खरा, हे कागद सांगत नाही. ते कानाला ठाऊक असावे लागते. ज्याने ते गाव कधी पाहिले नाही, त्या गावच्या माणसाशी जो कधी बोलला नाही, त्याचा कान काय सांगणार? हिंदी निवेदकाने 'धुले' किंवा 'जलगांव' म्हटले तर त्याच्या प्रमाण भाषेत 'ळ' नाही, असे तरी म्हणता येते. मराठी निवेदकाला ही पळवाट कोणी दिली?

उच्चाराइतकेच महत्त्व विभक्तीचे आहे. आपण 'श्रीगोंद्यात' म्हणतो, 'नेवाशाला' जातो, 'अकोल्याहून' येतो. 'श्रीगोंदामध्ये' आणि 'नेवासामधून' असे ऐकू आले की बोलणारा त्या वाटेने कधी गेलेला नाही, हे शाळकरी पोरही ओळखते. पुन्हा 'अकोल्यात जोरदार पाऊस' एवढेच सांगून भागत नाही. आपल्या जिल्ह्यातील अकोले आणि विदर्भातील अकोला, दोघांचेही 'अकोल्यात'च होते. कर्जत एक रायगड जिल्ह्यात, एक आपल्याकडे. शिरूर पुणे जिल्ह्यातही आहे आणि बीड जिल्ह्यातही. येथे एक जादा शब्द, जिल्ह्याचे नाव, निवेदकाला जड का व्हावा?

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा गवगवा कशाला? मुद्दा केवळ मानापमानाचा नाही. काष्टीपासून फार दूर नाही अशी बीड जिल्ह्यातील आष्टी आहे. दोन नावांत फरक एका व्यंजनाचा. 2022 साली लम्पी रोगाची साथ आली आणि राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवण्याची वेळ आली. अशा दिवसांत बाजार कोठला बंद आणि कोठला सुरू झाला, हे ऐकून ज्याला टेम्पोचे भाडे भरायचे आणि बैलजोडी घेऊन पहाटे निघायचे, त्याला पुसट उच्चार परवडत नाही. पावसाळ्यात घोड आणि भीमेच्या काठच्या गावांसाठी धरणाच्या विसर्गाची सूचना असते. मोटार काठावरून वर ओढून घ्यायची की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरते. तेथे गावाचे नाव चुकले, तर बाकीची बातमी बरोबर असून काय उपयोग?

नाव चुकते तेथे बहुधा माणूसही नजरेआड झालेला असतो. अवकाळी पाऊस आला की आमचा शेतकरी उघड्यावरचा कांदा झाकायला ताडपत्री घेऊन धावतो. नेमक्या त्याच क्षणी रेडिओवरचा लाडिक आवाज त्याला गरमागरम भजी खाण्याचा सल्ला देत असतो. हे बोलणे वाईट हेतूने होत नाही, हे मान्य. परंतु ऐकणारा कोण आहे, याची कल्पनाच नसावी, हा दोष हेतूच्या दोषाहून लहान नव्हे.

आकाशवाणीचा वारसा याहून वेगळा होता. पुणे केंद्र 1953 साली सुरू झाले. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या आणि त्या देणारा सुधा नरवणे यांचा आवाज आपल्यापैकी अनेकांच्या घरातील सकाळचा भाग होता. त्या आवाजावर घड्याळे लावली जात, कारण त्यावर भरवसा होता. हाच वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय जून 2023 मध्ये झाला. लोकांनी विरोध केला म्हणून त्याला स्थगिती मिळाली. संभाजीनगरचे लोक परके आहेत, असे येथे म्हणायचे नाही. प्रश्न एवढाच, की वार्ताहर आणि निवेदक गावापासून जितके लांब नेले जातात, तितकी गावाची नावे कागदावरची अक्षरे होऊन बसतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: शुद्ध उच्चारांचा आग्रह म्हणजे शिष्टांचा जुना अहंकार. आमचे उत्तर असे, की येथे गंगा उलटी वाहते आहे. वर्षानुवर्षे खेड्यातल्या मुलाने 'पाणी'चे 'पानी' केले की वर्गात हशा पिकला. त्याच्या 'न'पायी त्याला अडाणी ठरविले गेले. आज शहरी निवेदकाने 'राळेगण'चे 'रालेगन' केले, तर तिला मात्र 'शैली' म्हणायचे? आम्ही पुस्तकी मराठीची मागणी करीत नाही. निवेदकाने आपल्या बोलीत, आपल्या लकबीत खुशाल बोलावे. परंतु गावाच्या नावाचा अधिकार ना पुण्याकडे आहे, ना मुंबईकडे. तो गावाकडे आहे. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तसा शासकीय निर्णय निघाला, आणि ते नाव निवेदकांनी लगेच शिकून घेतले. म्हणजे शिकणे जमते! काष्टीच्या नावापाठीमागे शासकीय आदेश नाही, फक्त काष्टीची माणसे आहेत. तेवढे पुरेसे नाही काय?

ज्यांना मनापासून शिकायचे होते, त्यांना अंतर आड आले नाही. बीबीसीने 1926 साली उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली आणि 1930 साली इंग्लंडमधील स्थलनामांच्या उच्चारांची पुस्तिका निवेदकांच्या हाती दिली. आपल्या वाचकांना त्याहून जवळचे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हा इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात उतरला. त्याच्या मातृभाषेत ना 'ळ' होता, ना 'ण'. त्याने येथल्या लोकांच्या तोंडून भाषा उचलली आणि 1616 साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापले. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला जे साधले, ते शंभर किलोमीटरवरच्या निवेदकाला का साधू नये?

मागणी मोठी नाही. प्रत्येक केंद्राने आपल्या क्षेत्रातील गावांच्या नावांची देवनागरीतील वही ठेवावी. ग्रामपंचायतीला विचारून, गावकऱ्याच्या आवाजात ती नावे ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. निवेदन रोमन लिपीतून वाचू नये. नैमित्तिक निवेदकांची निवड करताना तालुक्यातालुक्यांतील तरुणांना संधी द्यावी. आणि आपणही गप्प बसू नये. चुकीचे नाव ऐकू आले की केंद्राला सभ्य भाषेत पत्र लिहावे, फोन करावा, बरोबर उच्चार सांगावा. एकदा ऐकले नाही तर पुन्हा सांगावा. कोणाला आपल्या घरी बोलावायचे तर आपणच त्याला पत्ता सांगतो. रेडिओ आपल्या घरी येतोच आहे. त्याला आपल्या गावाचे नाव सांगणे हे आपलेही काम आहे.