पाचपैकी पाच

‘लग्नाआधी शारीरिक संबंधाला नकार देता येईल, याची तुला किती खात्री आहे?’ १ ते ५ पैकी एका आकड्याला गोल करा. नई जिंदगीतल्या आमच्या अभ्यासिकेत हा फॉर्म आला आणि जवळजवळ सगळ्यांनी ५ ला गोल केला. सर डोक्यावर उभे, फॉर्मवर नाव. दुसरं लिहिणार काय?

अशी खात्री मोजण्यामागचा विचार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा, १९७७ सालचा. पण नुसतं ‘जमेल का’ विचारून भागत नाही, अडचण वाढवत नेत विचारावं लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. घरी कुणी नसेल तर? दोस्त चिडवत असतील तर? ‘फोटो व्हायरल करीन’ अशी धमकी असेल तर? आमच्या फॉर्ममध्ये यातलं काहीच नव्हतं.

अमेरिकेत लग्नापर्यंत संयम पाळण्याची शपथ घेतलेल्या मुलामुलींचा अभ्यास जेनेट रोझेनबॉम यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी त्यांच्यात आणि शपथ न घेतलेल्या तशाच मुलांमध्ये संबंधांच्या बाबतीत फरक नव्हता. शपथवाले निरोध मात्र कमी वापरत होते. आणि ८२ टक्के जण म्हणाले, आम्ही शपथ घेतलीच नव्हती!

झिना हराम आहे, हे मीही मानते. पण हजरत युसूफ यांचा किस्सा आठवा. शहरातल्या बायका मागे लागल्या तेव्हा ‘मी पक्का आहे’ असं ते म्हणाले नाहीत. अल्लाहनं सावरलं नाही तर आपलाही तोल जाईल, ही भीती त्यांनी दुआत बोलून दाखवली आणि कैद पत्करली. त्यांनी ५ ला गोल केला असता, असं मला वाटत नाही. आपल्या पोरांना मात्र ३ लिहायचीही चोरी.

मुलींचं तर वेगळंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपला सोलापूर जिल्हा त्या सरासरीच्याही वर. सोळाव्या वर्षी निकाह लावलेल्या पोरीला ‘नाही म्हणता येईल का’ असं कुणी विचारलं होतं? अठराखालच्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. जुम्याच्या खुतब्यात हे मी अजून ऐकलेलं नाही.

पुढचा फॉर्म बिननावाचा हवा, भरताना सर आणि आपा दोघंही खोलीबाहेर हवेत. मुलींच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न मी स्वतः घालणार आहे: घरचे लग्न ठरवायला निघाले तर तू कुणाला सांगशील? खाली चाइल्डलाइनचा नंबरही छापू, १०९८.