छाप्यांइतकीच औषधांचीही निकड

चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना उद्ध्वस्त केला. कोल्हापूर जिल्हा हादरला, पण उपचारांची चर्चा मागेच राहिली.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, दारूवर नाल्ट्रेक्सोन ही औषधे आहेत. कोकेनवर मात्र जगातील कोणत्याही प्रमुख नियामकाने औषध मंजूर केलेले नाही. डायसल्फिराम, टोपिरामेट, मोडाफिनिल यांच्या चाचण्या झाल्या, लसही तपासली गेली. भरवशाचा गुण कशालाच आला नाही. कोकेनप्रमाणेच डोपामिन उसळवणाऱ्या एमडीचीही तीच अडचण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात कोकेन घेणाऱ्यांचे प्रमाण ०.१० टक्के, तर एमडी ज्या गटात मोडते त्या उत्तेजकांचे ०.१८ टक्के होते. आपल्याकडे संशोधनाचा रोख म्हणूनच एमडीकडेही हवा.

अशा चाचण्यांत कोल्हापूरच्या राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि सीपीआर रुग्णालयाने सहभागी व्हावे. नीतिमत्ता समितीची मान्यता आणि राष्ट्रीय नोंदणी बंधनकारक आहेच. त्याहून महत्त्वाची आहे रुग्णाची खरी संमती. घरच्यांच्या किंवा पोलिसांच्या दबावाखाली दिलेला होकार ही संमती नव्हे.

औषध मिळेपर्यंत समुपदेशन आणि व्यसनमुक्तीच्या प्रत्येक टप्प्यावर बक्षीस देणारी उपचारपद्धती वापरावी. कोकेनबाबत तिचाच पुरावा सर्वांत भक्कम आहे. शासनाने त्यासाठी निधी द्यावा. कुटुंबांनीही लाजेपोटी आजार लपवू नये. १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे.