गोळी बाधली, तर दाद कुठे?

ऑकलंडमधील पेनरोजसारख्या कारखाने-गोदामांच्या भागात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बाईची पोटरी सुजली, तर ती दोष कामाला देते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळीने शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, हे अनेकींच्या ध्यानातच येत नाही.

न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघात भरपाई योजना आहे. त्यामुळे अशा इजेच्या भरपाईसाठी डॉक्टरला सहसा कोर्टात खेचता येत नाही. दावा ही योजना चालवणाऱ्या ‘एसीसी’ या सरकारी संस्थेकडे, डॉक्टरमार्फत करावा लागतो. 2005 पासून कोणाची चूक सिद्ध करण्याची अटही उरलेली नाही. दावा मान्य झाल्यास उपचारखर्चाला हातभार आणि बुडालेल्या कमाईच्या 80 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. ‘हा तर औषधाचा नेहमीचा परिणाम’ म्हणून तो फेटाळला, तर तीन महिन्यांत फेरविचार मागावा. धोका आधी सांगितला नसेल, तर आरोग्य व अपंगत्व आयुक्तांकडे विनामूल्य तक्रार करता येते.

महाराष्ट्रात ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पण तिथे दोष वा निष्काळजीपणा रुग्णालाच सिद्ध करावा लागतो. न्यूझीलंडची वाट अधिक माणुसकीची आहे. पण ती माहीत असेल तरच उपयोगी; म्हणून गोळी लिहून देतानाच डॉक्टरांनी धोका आणि हक्क दोन्ही सांगायला हवेत. आणि बायांनो, गोळ्यांचे पाकीट व तपासण्यांचे कागद जपून ठेवा.