ठराव सर्वानुमते मंजूर

देडतलाईकडून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लहान आहे. त्यातील प्रश्न मात्र लहान नाही. गावच्या शाळेच्या समितीत आपले नाव आहे, हे त्यांना एके दुपारी अकस्मात कळले. शाळेतला एक मुलगा नोंदवही घेऊन दारात उभा राहिला आणि ‘इथे सही करा’ म्हणाला. ‘ही समिती नेमतो कोण, तिने करावयाचे काय, आणि सही केली की आमचे कर्तव्य संपते काय?’ असे त्यांनी विचारले आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते वाचकांनी लेख संपल्यावर ठरवावे.

देडतलाई हे बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार भागातील, धारणीच्या रस्त्यावरचे गाव. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमचे निमाड आणि पलीकडचे मेळघाट एकाच राज्यात होते व नागपूर ही दोघांचीही राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत मध्ये सीमा आली. धारणी तिकडे गेले, देडतलाई इकडे राहिले. नातीगोती आणि लग्नकार्ये मात्र सीमेने अडवली नाहीत. आजही ह्या बाजूला कित्येक घरांत मराठी, कचेरीत हिंदी आणि रानाकडच्या वस्त्यांवर कोरकू बोलली जाते. तीन भाषांच्या ह्या मुलखात समितीची नोंदवही मात्र एकाच भाषेत लिहिली जाते. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

प्रथम कायदा पाहू. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी आपला पंचायत कायदा केला व १९९४ मध्ये त्यानुसार निवडणुका घेतल्या. सरपंच आणि पंच मतपेटीतून निवडून येतात. ग्रामसभेला मात्र कोणी निवडून देत नाही. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येकजण तिचा सभासद असतो, मग तो सभेला येवो अथवा न येवो. २६ जानेवारी २००१ पासून ‘ग्रामस्वराज’ म्हणून जी व्यवस्था सुरू झाली, तिच्यात शिक्षण, आरोग्य, कृषी, ग्रामरक्षा, सामाजिक न्याय अशा आठ समित्या ग्रामसभेच्या हाताखाली ठेवल्या होत्या. पुढे त्या आटोपून ग्रामनिर्माण आणि ग्रामविकास अशा दोनच उरल्या. आठ समित्या कागदावर मांडणे सोपे असते. आठ बैठकांना माणसे जमवणे ज्याला करावे लागते, त्यालाच त्यातले कष्ट ठाऊक.

खकनार विकासखंड हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतो. म्हणून येथे आणखी एक कायदा लागू आहे. झाबुआकडचे खासदार दिलीपसिंह भूरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९९६ मध्ये संसदेने तो केला. ‘पेसा’ ह्या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. त्यात ‘गाव’ म्हणजे महसुली दप्तरातले गाव नव्हे. आपल्या रीतिरिवाजांप्रमाणे आपला कारभार पाहणारी एखादी वाडी वा वस्तीसुद्धा गाव ठरू शकते. योजनेचा लाभ कोणाला द्यावयाचा, हे ग्रामसभेने ठरवावयाचे. पैसा योग्य रीतीने खर्च झाला, असा दाखलाही पंचायतीने ग्रामसभेकडूनच घ्यावयाचा. मध्य प्रदेशाचे ह्यासंबंधीचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले. अशा ग्रामसभेचे अध्यक्षपद सरपंचाकडे नसते. सरपंच, उपसरपंच वा पंच नसलेली, अनुसूचित जमातीतील व्यक्ती सभासदांनीच त्या स्थानी निवडावयाची असते. कारभार करणाऱ्याने स्वतःच्या कारभाराची तपासणी स्वतः करू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

आता शाळेची समिती. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. शाळेच्या कामावर देखरेख करणे, तिच्या विकासाचा आराखडा तयार करणे आणि मिळालेला पैसा कुठे गेला हे पाहणे, ही ह्या समितीची कामे. हे लोकांना झेपण्यासारखे नाही, असे कोणी म्हणू नये. १९९७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशाने शिक्षण हमी योजना सुरू केली. आदिवासी भागात १ किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि २५ मुले असतील, तर गावाने मागणी करावी व शासनाने ९० दिवसांत शिक्षणाची सोय करून द्यावी, अशी ती योजना होती. गुरुजी कोण असावा, हेही गावानेच सुचवावयाचे. स्वतःचे नाव लिहिता न येणाऱ्या माणसांनी त्या वेळी शाळा मागितल्या आणि मिळवल्या.

म्हणजे भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की ही समिती वरून कोणी नेमावयाची नसते. ती पालकांतून उभी राहावयाची असते. पालकांची सभा बोलवावयाची, नावे पुकारावयाची, ज्याचे नाव आले त्याला ‘तयारी आहे ना?’ म्हणून विचारावयाचे. हे सारे तासाभराचे काम आहे. तो तास टळला, की नोंदवहीत नावे आपोआप उतरतात आणि माणसाला आपली नेमणूक सही करताना कळते.

ही नावे कशी उतरतात, हे मला ठाऊक आहे, कारण मी ती उतरवली आहेत.

देडतलाईच्या पलीकडे, एका लहान वस्तीवरील शाळेत मी काही वर्षे शिक्षिका होते. नवा कायदा येऊन तीन-चार वर्षे झाली असतील. वर्ष संपत आले होते, बैठका राहिल्या होत्या आणि वरून तपासणी यावयाची होती. मी एका रात्री कंदील जवळ ओढून तीन बैठकांची कार्यवाही लिहून काढली. अक्षर माझे चांगले, हिंदीही शुद्ध. प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले. त्यात एक ठराव असा होता, की मुलांच्या पिण्याच्या पाण्याच्या हौदाची दुरुस्ती पूर्ण झाली असून समिती समाधान व्यक्त करते. दुरुस्ती होणारच होती. आज नाही तर महिन्याने, असे मी मनाला समजावले. दुसऱ्या दिवशी नोंदवही देऊन पाचवीतल्या एका मुलीला घरोघर अंगठे घेण्यास पाठवले.

तिचे पहिले घर तिचे स्वतःचेच होते. तिची आई समितीत होती. अर्थात मीच घातलेली. अंगठा उमटवण्याआधी तिने मुलीला विचारले, ‘काय लिहिलंय ते वाच.’ मुलीने हिंदीत वाचले आणि आईला समजेना म्हणून ओळीओळीने कोरकूत सांगितले. सकाळी ती माऊली नोंदवही डोक्यावरच्या भाऱ्यावर ठेवून शाळेच्या दारात आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, ‘बाई, पोरगी म्हणते यात पाणी आलं. मी येताना पाहिलं. हौद कोरडा आहे.’

मी त्या मुलीला वाचावयास शिकवले होते. तिने ते पहिल्यांदा उपयोगात आणले, ते माझे खोटे वाचण्यासाठी.

त्या पानावर मी काही खोडले नाही. खाली तारीख घालून लिहिले, की वरील तिन्ही बैठका झालेल्या नाहीत व हौद दुरुस्त झालेला नाही. मग बोलणी खावी लागली, खुलासा द्यावा लागला, ते सोसले. पुढची बैठक सकाळी ११ ऐवजी दिवेलागणीला, शेतावरून मंडळी परतल्यावर, झाडाखाली घेतली. सभेच्या शेवटी ती मुलगी कार्यवाही वाचून कोरकूत सांगे आणि मगच अंगठे घेतले जात. हौद त्या पावसाळ्याआधी दुरुस्त झाला. काम मोठे नव्हते. कोणी विचारले नव्हते म्हणून राहिले होते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाचे नाव वाचकांनी ऐकले असेल. तेथे बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आहे. त्यासाठी बैठका लांबतात, विषय पुढच्या सभेवर जातात, निर्णयाआधी अभ्यासगटात चर्चा होते. २००९ मध्ये ह्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तो अशा सभांच्या बळावर. ‘सर्वानुमते’ ह्या शब्दाची किंमत त्यांनी वर्षानुवर्षे बसून चुकती केली. मी तो एका रात्रीत तीनदा लिहिला होता.

आपल्या मराठी मंडळींना मला एक वेगळेच सांगावयाचे आहे. ह्या मुलखात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. चार अक्षरे बरी येतात म्हणून कुठे चिटणीस, कुठे मास्तर, कुठे हिशेबनीस होण्याचा मान आपल्याकडे आला. लेखणी ज्याच्या हाती असते, त्याला ‘लोकांना काय कळते’ असे वाटू लागण्यास फार वेळ लागत नाही. ज्या घरात नोंदवही ठेवली जाते, त्या घराने हे रोज आठवावे.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनींना उत्तर हे: सही नाकारून भांडण करण्याचे कारण नाही. ‘वाचून दाखवा, मग करते,’ एवढेच म्हणावे. आपली नेमणूक कोणत्या सभेत, कोणत्या तारखेस झाली ते विचारावे. पुढची सभा केव्हा आहे तेही विचारावे, आणि त्या दिवशी शेजारच्या दोघींना बरोबर घेऊन जावे. तुम्हाला हिंदी येते, त्यांना कदाचित येत नसेल. तेव्हा जे लिहिले असेल ते त्यांना त्यांच्या बोलीत सांगावे. त्या दोघींनी काही विचारले, तर तेही नोंदवहीत लिहावयास लावावे.