वारा फिरला तर बाण भात्यातच बरा

‘वारा बघत बसलं तर शिकारीला जाणार कधी?’ धनुष्यबाणाने हरिण मारणाऱ्यांच्या जगात या सवालाला फार मान आहे. विचारणारा स्वतःला व्यवहारी समजतो. रजा मोजकी, परवान्याची मुदत संपत आलेली, घरापासून जंगल लांब. अशात वारा पाठीवर आहे एवढ्यासाठी माघारी फिरणं त्याला भित्रेपणाचं वाटतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली तिरंदाजांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठेवला आणि पुढे ती पद्धत देशभर रुजली. तिकडे नोकरीला गेलेला सौंसर-पांढुर्ण्याकडचा एखादा तरुण आता असा परवाना काढतो आणि दिवाळीत घरी आला की ओसरीवर बसून हेच तत्त्वज्ञान ऐकवतो. ऐकणारे माना डोलावतात. माझी मान डोलत नाही. वारा उलटा असेल त्या दिवशी धनुष्य घेऊन निघूच नये, असं मला वाटतं. आणि हा सल्ला शिकार साधावी म्हणून नाही. उलट्या वाऱ्यात निघणाऱ्याच्या घाईचा दंड तो स्वतः भरत नाही, हरिण भरतं, म्हणून आहे.

एक गोष्ट आधी स्वच्छ करून टाकू. आपल्या रानात हा वाद मुळात उद्भवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली आणि जे परवाने उरले होते तेही १९९१ च्या दुरुस्तीने संपवले. कायद्याने शिकारीची व्याख्याही अशी केली आहे की मारणं तर सोडाच, मारण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारच ठरतो. त्यामुळे सिल्लेवानी घाटात चितळामागे तिरकमठा घेऊन जाणाऱ्याला वारा अनुकूल होता की प्रतिकूल, हे न्यायालय विचारणार नाही. मग सौंसरला बसून या वादात पडायचं कशाला? दोन कारणं आहेत. जिथे ही शिकार कायदेशीर आहे तिथे आपली माणसं ती करू लागली आहेत, आणि इथे येऊन ती चुकीचा धडा देतात. दुसरं कारण इथल्या संत्र्याच्या बागांचं आहे. तिथे वाऱ्याचा प्रश्न रोज रात्री पडतो. त्याकडे शेवटी येतो.

व्यवहारवाद्यांचं पहिलं म्हणणं असं, की वारा उलटा असला तर फार तर हरिण पळून जाईल, नुकसान झालं तर आपलंच होईल. वरवर बिनतोड वाटणारा हा मुद्दा सगळ्यांत पोकळ आहे. हरणाला आपला वास भरभरून लागला तर ते पळतं, खरं आहे, आणि त्या वेळी कुणाचंच बिघडत नाही. पण उलटा वारा एकसारखा क्वचितच वाहतो. तो तुकड्यातुकड्यांनी येतो. हरणाला वासाचा एक धागा लागतो, मग तुटतो. ते पळत नाही. थांबतं, नाक वर करतं, चितळ असेल तर पुढचा पाय आपटतं. अंगातला स्नायू न् स्नायू ताणलेला. नेमकं याच क्षणी शिकाऱ्याला ते स्थिर उभं दिसतं आणि तो बाण सोडतो.

आता हिशेब करा. आजचं चाकांचं, म्हणजे कंपाउंड धनुष्य बाणाला सेकंदाला साधारण ८० मीटर वेग देतं. आवाज जातो ३४० मीटरने. हरिण २५ मीटरवर असेल तर दोरी सुटल्याचा आवाज त्याच्या कानावर सेकंदाच्या चौदाव्या हिश्श्यात पोचतो आणि बाणाला मात्र सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. मधला पाव सेकंद हरणाचा. बेसावध चरणाऱ्या हरणाला तो सहसा पुरत नाही. आधीच बिथरलेल्याला पुरतो. उडी मारण्यासाठी कुठलंही हरिण आधी खाली दबतं आणि तेवढ्यात त्याची छाती चार बोटं ते वीतभर खाली जाते. फुफ्फुसासाठी सोडलेला बाण पाठीच्या मांसात शिरतो, नाहीतर हरिण वळल्यामुळे पोटात.

बंदुकीची गोळी धक्क्याने पाडते, बाण रक्तस्रावाने मारतो. तो फुफ्फुसांतून किंवा काळजातून गेला तर हरिण थोडं धावून काही सेकंदांत कोसळतं. पोटात गेला तर ते तासन्‌तास चालत राहतं. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात नौदलाच्या एका तळावर १९८९ ते २००६ या काळात शिकाऱ्यांची नीट नोंद ठेवली गेली. नेमबाजीची परीक्षा दिलेली ती माणसं होती. तरी ज्या हरणांना बाण लागला त्यांतली सुमारे १८ टक्के सापडली नाहीत. या आकड्यात वाऱ्याचा वेगळा हिशेब नाही, त्यामुळे तो सगळा उलट्या वाऱ्याच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण निवडक माणसांची ही गत असेल, तर घड्याळाकडे बघत निघालेल्याची काय असेल? ‘नुकसान आपलंच’ हे वाक्य इथे संपतं. शिकारी घरी जाऊन जेवतो. इंग्लंडमध्ये धनुष्याने हरिण मारायला बंदी आहे, जर्मनीतही आहे. ही काही प्राणिपूजकांची राष्ट्रं नव्हेत. बंदुकीने हरणं तिथेही मारली जातात.

दुसरा पक्ष बाजाराचा. तो म्हणतो, वाऱ्याची चिंता आता जुनी झाली. वास मारणारे फवारे निघालेत, कोळशाच्या अस्तराचे कपडे निघालेत, ओझोनची यंत्रं निघालीत. हजारो रुपये मोजून माणूस हे अंगावर चढवतो आणि मग वाऱ्याकडे पाठ करून बसायला मोकळा होतो. २००२ साली अमेरिकेत अशा कपड्यांची शोधकुत्र्यांसमोर परीक्षा झाली. वास शोषणारे कपडे घालून लपलेली माणसं कुत्र्यांनी इतरांसारखीच शोधून काढली. यात नवल कसलं? वास काही फक्त कापडातून येत नाही. श्वास आहे, केस आहेत, बुटाचा तळवा आहे, आणि दुपारी कँटीनमध्ये खाल्लेला कांदाही आहे. फवाऱ्याने वास थोडा कमी होत असेल, पण तो कुठल्या दिशेने जाणार हे वाराच ठरवणार. हे सामान विकणाऱ्यांना ते ठाऊक असतं. त्यांच्या सूचनापत्रातही बारीक अक्षरांत वारा सांभाळा असं लिहिलेलं असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मचाणाचा मुद्दा त्याहून जरा वजनदार आहे. पाच-सहा मीटर उंच बसलं की वास डोक्यावरून निघून जातो, असं म्हणतात. जवळच्या हरणापुरतं ते बऱ्याचदा खरंही ठरतं. पण वास वरच्या वर विरून जात नाही, पुढे कुठेतरी उतरतो, आणि उतरतो तिथे दुसरं हरिण उभं असतं. त्यातून डोंगराळ मुलखाचा एक नियम आहे, तो छिंदवाड्याच्या पठारावरून सौंसरकडे उतरणाऱ्या कुणालाही अंगावर जाणवला असेल. ऊन चढलं की उताराची जमीन तापते आणि हवा वर सरकू लागते. दिवस कलला की तीच हवा थंड, जड होऊन नाल्यानाल्यांतून खाली ओघळते. दोन्हींच्या सांध्यावर, सकाळी उन्हं तापेपर्यंत आणि मावळतीला, हवेला धड दिशा नसते. घळींमध्ये ती गरगर फिरते. हरणांच्या चरण्याच्या वेळाही याच. म्हणजे मचाणावर चढताना बघितलेला वारा बाण सोडण्याच्या वेळी तोच असेल याची हमी नाही, आणि संध्याकाळच्या उतरत्या हवेत उंचीचा फायदा उलटतो.

मग येतं परंपरेचं अस्त्र. ‘आमचे गोंड, कोरकू कुठे वारा बघत बसले होते?’ हा प्रश्न ज्याला अडाणी समजतो तोच खरा जाणकार होता. मूठभर माती सोडून ती कुठे वाहते ते पाहणं, विडीचा धूर पाहणं, हे कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. हाक्याची रचनाच घ्या. हाकारे वारा पाठीशी घेऊन चालतात. त्यांचा वास आणि गलका दोन्ही जनावरांना पुढे रेटतात, आणि पुढे दबा धरून बसलेल्यांचा वास जनावरांपासून दूर जातो. वारा उलटा असला तर सगळा बेतच फसतो. हे ज्यांना कळत होतं त्यांच्या नावावर आपली बेपर्वाई खपवणं बरं नव्हे. जिम कॉर्बेटने तर ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये लिहून ठेवलं आहे की नरभक्षक वाघसुद्धा माणसाकडे जाताना वारा सांभाळून जातो, कारण माणसाचं नाक किती अधू आहे हे त्याला ठाऊक नसतं. वाघ ज्यात सूट घेत नाही, त्यात आपण घ्यायची?

शरयूकाठी आवाजाच्या रोखाने बाण सोडणारा दशरथही परंपरेतलाच, हे जाता जाता आठवण करून देतो. शब्दवेधाचं त्याचं कौशल्य अव्वल होतं. फक्त पाणी भरणारं कोण आहे, हे बघायला तो थांबला नाही.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. ‘वारा आहे’ एवढ्यानेच घरी बसणारेही असतात, आणि ते चुकतात. समोरून येणारा, एकसारखा, जरा जोराचा वारा हा सर्वांत चांगला. पानांची सळसळ पावलांचा आवाज झाकते, वास सरळ मागे जातो. चांगला-वाईट हा भेद वाऱ्याच्या जोराचा नाहीच, दिशेचा आणि भरवशाचा आहे. पडलेली हवा, जी नवशिक्याला आदर्श वाटते, ती कधी कुठे सरकेल सांगता येत नाही म्हणून वाईट. तेव्हा हवामानखात्याचा आकडा बघून घरी थांबणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही. जागा बदलून वारा अनुकूल करता येत असेल तर जरूर बदलावी. एकच झाड, एकच पाऊलवाट आणि तिथे आज वारा उलटा, असं असेल तर मात्र ते झाड त्या दिवसापुरतं आपलं नाही. व्यवहाराच्या भाषेतच सांगायचं तर उद्याची जागाही त्याने नासते. माणसाचा वास लागलेलं हरिण ती वाट टाळायला शिकतं.

बंदुकीऐवजी कॅमेरा धरणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. पेंचचं रान चितळांनी भरलेलं. तिथे झाडावर वानर आणि खाली चितळ अशी जोडी जागोजाग दिसते. एकाचे डोळे, दुसऱ्याचं नाक. बफरमध्ये वनरक्षकाबरोबर पायी फिरायला मिळतं तेव्हा वाऱ्याकडे लक्ष न देणारा पाहुणा दिवसभर हरणांचे पार्श्वभाग बघतो आणि गाईडला दोष देतो. व्यंकटेश माडगूळकरांनी आयुष्यात बंदूक चालवली होती आणि पुढे नागझिऱ्याच्या जंगलात नुसते बघत राहिले. बघण्यात त्यांना जे सापडलं, त्यात शिकाऱ्याची शिस्त मोडीत निघालेली नव्हती. चाप ओढायचा नसला तरी जनावराला न बिथरवता त्याच्याजवळ जायचं, तर नियम तेच.

आता बागांकडे. सौंसर तालुक्यात जामच्या नि कन्हानच्या खोऱ्यात शेती करणाऱ्याचा जनावरांशी संबंध हौसेचा नाही. रोही आणि रानडुकरं रात्रीतून हरभरा, मका, तुरीचा फडशा पाडतात, संत्र्याची नवी कलमं मोडतात. कायद्याच्या ११व्या कलमात उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी अधिकाऱ्याची परवानगी घेऊन उपाय करण्याची वाट आहे, पण ती कागदोपत्री वाट लांबची. म्हणून जागल करावी लागते. आणि जागलीला जाणाऱ्याचं गणित शिकाऱ्याच्या बरोबर उलटं असतं. शिकाऱ्याला जो वारा नको, तोच याला हवा. आपला वास जनावरांच्या येण्याच्या वाटेवर पोचावा, हीच त्याची राखण. न्हाव्याकडून केस आणून धुऱ्यावर टाकतात ते त्याचसाठी.

तरीही कित्येक जण मचाण बांधतात ते विहिरीजवळ किंवा रस्त्याच्या कडेला, सोयीने. आपल्याकडे डोंगर उत्तरेला आणि शेतं दक्षिणेला. हिवाळ्यात वारा उत्तरेचा, शिवाय रात्री थंड हवा डोंगरावरून खाली उतरते. जनावरंही डोंगरातूनच येतात, म्हणजे वारा पाठीवर घेऊन. शेताच्या दक्षिण टोकाला बसलेल्या माणसाचा वास त्यांना लागणारच कसा? पावसाळ्यात वारा नैऋत्येचा असतो, तेव्हा तेच टोक चालून जातं; म्हणून शेतकरी म्हणतो, आषाढात जनावरं येत नव्हती, पौषात कशी आली? उत्तर वाऱ्यात आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ज्याला हे गणित मांडायचा कंटाळा येतो, तो कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या तारेला वारा कळत नाही आणि रोही, बैल, शेजारच्या शेतातला पाणी द्यायला आलेला गडी, यांत फरकही कळत नाही. विदर्भात आणि आपल्या बाजूलाही त्यात माणसं मेली आहेत. उलट्या वाऱ्यात बाण सोडणारा आणि तारेत वीज सोडणारा, दोघांचा रोग एकच, घाई. फक्त दुसऱ्याची तार रात्रभर चालू राहते.

तेव्हा मार्गशीर्ष-पौषातलं मचाण उत्तरेच्या धुऱ्यावर, डोंगराकडच्या कडेला हलवावं. तिथून निदान नाल्याच्या तोंडापर्यंत जनावरांची चाहूल आधी लागते आणि शेतात शिरण्याआधी हाकाटी करता येते. वास पोचत नाही तिथे डफडं, बॅटरी आणि बोंब यांवर भर द्यावा. चैत्र-वैशाखात पश्चिमेचा झोत सुरू झाला की जागा पुन्हा बदलावी. आणि विडी ओढायचीच असेल तर मचाणावर बसून खुशाल ओढावी. जागलीत तिचा धूर कामाला येतो.